पाण्याची लेझीम

आबांनी टेबलावर तीन बरण्या मांडल्या. चिनीमातीच्या, पांढऱ्या, लोणच्याला वापरतात तशा. तिन्ही एकाच मापाच्या आणि तिन्हींची तोंडं मेणानं बंद केलेली.

"एकीत पाणी हाय, एकीत शेंगतेल हाय आणि एकीत काकवी," आबा म्हणाले. "कुठल्या बरणीत काय, ते सांगायचं. उघडायची न्हाई, उचलायची न्हाई, हलवायची न्हाई. हुंगायचीबी न्हाई."

"मग राहिलं काय ओ?" शलाका म्हणाली. "नुसतं बघून कसं कळणार? बरणी काय काचेची आहे?"

"माणूस तरी कुठं काचेचा असतोय?" आबा म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

ही गोष्ट आजची नाही बरं का. ती आणखी चाळीसेक वर्षांनी घडणार आहे. तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांचे केस पिकलेले असतील आणि "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य तुम्ही दिवसातून चारदा म्हणत असाल. पण घडणाऱ्या गोष्टीपेक्षा घडून गेलेली गोष्ट सांगायला सोपी, म्हणून आपण ती होऊन गेली असंच समजू या.

तर शलाका चौगुले बारा वर्षांची होती. गडहिंग्लजच्या शाळेत सातवीला होती आणि शाळेच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत होती. आबा म्हणजे तिच्या आईचे वडील, श्रीपतराव इंगवले. चाळीस वर्षं त्यांनी देशोदेशीच्या प्रयोगशाळांमध्ये चुंबकांशी झटापट केली, आणि मग गावी येऊन वडिलांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये आपलं यंत्र उभं केलं. तेव्हा गाव म्हणालं, म्हातारा चळला. तेच गाव आता तालुक्याच्या दवाखान्यात आबांच्या त्याच यंत्रापुढे गुडघे दाखवायला रांगेत उभं राहत होतं. लोकांचं असंच असतं, त्याला इलाज नाही.

आबांनी आज हे कोडं उगाच घातलं नव्हतं. उद्या सकाळी त्याच यंत्रात शलाकाला झोपायचं होतं आणि कालपासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शलाकाला थॅलसेमिया होता. (हा जन्मापासूनचा आजार. यात रक्ताचा लाल रंग अंगात नीट तयार होत नाही.) दर तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागे. रक्त चढलं की गाल लाल व्हायचे आणि ती दोन दोन पायऱ्या एकदम चढायची. पण रक्ताबरोबर लोखंडही येतं. आपल्या शरीराला लोखंड आत घ्यायचा दरवाजा आहे, बाहेर काढायचा नाही. त्यामुळे पिशवीमागून पिशवी लोखंड साठत जातं. यकृतात साठतं, आणि कधी कधी गुपचूप हृदयातही. ते बाहेर काढण्यासाठी शलाकाला रोज पाण्यात विरघळवून एक गोळी घ्यावी लागे.

त्या काळात या आजारावर कायमचा उपायही निघाला होता. त्याला जनुकदुरुस्ती म्हणत. (पेशीच्या आत शरीर घडवण्याच्या सूचना असतात. त्यातली चुकलेली सूचना नीट करायची, असा हा उपाय.) शलाकाचं नाव यादीत होतं. पण तो उपाय शरीराला फार जड जातो, म्हणून डॉक्टरांची अट होती की हृदय लोखंडापासून मोकळं हवं. ते मोकळं आहे की नाही, हे उद्या ठरणार होतं. मोकळं असेल तर याच उन्हाळ्यात मोठ्या दवाखान्यात जायचं, आणि मग आयुष्यभर रक्ताची पिशवी नाही. नसेल तर नाव यादीत खाली.

"आबा, हृदयातलं लोखंड बघायला हृदयाचा तुकडा काढतात का ओ?" तिनं हळूच विचारलं. सकाळपासून हाच प्रश्न तिच्या मनात होता.

"छ्या! कुणी सांगितलं तुला?" आबा म्हणाले. "पूर्वी यकृताचा काढायचे, सुईनं, एवढासा. हृदयाचा काढणं लई धोक्याचं. आणि एक तुकडा काढून कळतंय किती? शेताच्या एका कोपऱ्यातलं ढेकूळ बघून सगळ्या शेताची माती सांगता येत न्हाई. म्हणून तर ह्या बरण्या. ये हिकडं."

टेबलाच्या कडेला त्याच यंत्राचं एक छोटं भावंड होतं. त्यात दोन जाड चकत्या समोरासमोर बसवलेल्या होत्या आणि मधे बरणी मावेल एवढी जागा होती. चकत्या म्हणजे जबरदस्त चुंबकं. आबांनी पहिली बरणी मधे ठेवली, आणि यंत्राकडे न जाता शलाकाकडे वळले.

"तुमच्या पथकात पोरं किती?"

"चाळीस."

"शिट्टी वाजली, हलगी सुरू झाली की काय होतंय?"

"सगळे एकदम वाकतो. चाळीस लेझमी, पण छन् असा एकच आवाज. कसलं भारी वाटतं माहितीय!"

"आणि हलगीवाला मधेच थांबला तर?"

शलाकानं विचार केला. "थोडा वेळ जमतंय. मग एक पुढं, एक मागं. आमचा विश्वंभर तर पहिल्यांदा चुकतोय. मग नुसता खुळखुळाट."

"खेळायचं थांबलं का कोण?"

"न्हाई की. सगळे खेळतातच. पण साथ सुटली की लांबून काहीच नीट ऐकू येत न्हाई."

"झालं तर," आबांनी टेबलावर थाप मारली. "निम्मं शास्त्र तुला येतंय."

मग त्यांनी उरलेलं निम्मं सांगितलं, आणि इतकं हळूहळू सांगितलं की मलाही कळलं. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू असतात. प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक केंद्रक (अणूचा गाभा) असतं. हा गाभा म्हणजे एक चिमुकलं चुंबकच. एरवी पाण्यातली ही चिमुकली चुंबकं वाटेल तिकडे तोंड करून असतात, मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखी. पण मोठ्या चुंबकात नेलं की त्यातली थोडी जास्त चुंबकं मोठ्या चुंबकाच्या दिशेनं ओळ धरतात. ही झाली सावधान स्थिती.

आता शिट्टी. आबांचं यंत्र रेडिओलहरींची एक छोटी हाक देतं. (आकाशवाणीची गाणी ज्या लहरींवरून येतात, त्याच जातीच्या या लहरी. त्यांनी अंगाला इजा होत नाही.) हाकेची लय या चुंबकांच्या स्वतःच्या लयीशी तंतोतंत जुळली, तरच ती चुंबकं हाकेला ओ देतात. या लय जुळून ओ देण्याला अनुस्पंदन म्हणतात. ओ दिली की सगळी चुंबकं एकदम कलतात आणि कललेल्या भोवऱ्यासारखी एका तालात घुमू लागतात. कोट्यवधी लेझमी आणि छन् असा एकच आवाज. तो आवाज म्हणजेही एक रेडिओलहरच असते, अगदी बारीक. यंत्रातलं तारेचं वेटोळं तो ऐकतं.

"मग हाक थांबते," आबा म्हणाले. "हलगी बंद. आता दोन गोष्टी होतात, आणि दोन्हींना वेळ लागतो. एक म्हणजे साथ सुटते आणि आवाज विरतो. त्याला मी म्हणतो साथीचा वेळ. दुसरी म्हणजे कललेली चुंबकं पुन्हा सावधान होतात. तो परतीचा वेळ. पुस्तकात दोन्हींना मिळून शिथिलन काल म्हणतात (शिथिलन म्हणजे धक्का बसलेल्या वस्तूचं पुन्हा निवांत होणं). नाव जड हाय, काम हलकं हाय."

"पण त्यावरून आत काय आहे ते कसं कळणार?"

"शेजाऱ्यावरून! पाण्याचे कण चपळ. इकडून तिकडं पळत असतात, त्यांना कुणाचा त्रास फार वेळ होत न्हाई, म्हणून साथ लांबवर टिकते. काकवी जाड, चिकट. तिथं कण एकमेकांना खेटून अडखळतात आणि साथ झटक्यात सुटते. तेल मधलं. आता ऐक."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक रेघ उंच उठली आणि उतरू लागली. ती उतरत राहिली, उतरतच राहिली. दोन सेकंद झाले तरी जमिनीला टेकेना.

"पाणी!" शलाका ओरडली.

दुसऱ्या बरणीची रेघ उठली आणि धपकन पडली. तिसरीची त्याहून जरा सावकाश. शलाकानं "काकवी" आणि "तेल" अशी बोटं दाखवली आणि आबांनी मेण काढून झाकणं उघडली. तिन्ही बरोबर होती. काकवीत बोट बुडवायला मात्र आबांनी मनाई केली नाही.

"माझे वडील गुळव्या होते," ते म्हणाले. "उकळत्या काहिलीतला रस तयार झाला का, हे ते चार थेंब पाण्यात टाकून सांगायचे. थेंब कसा बसतो, बोटात कसा वळतो, एवढंच बघायचे. पोटात शिरायचं न्हाई; जरासं डिवचायचं आणि ते कसं वागतंय ते बघायचं. माझं यंत्र दुसरं काय करतंय, सांग?"

शलाकानं बोट चाटलं. "आणि लोखंड?"

आबांचा आवाज थोडा खाली आला. "लोखंड म्हणजे पथकाच्या मधोमध उभा राहून भलताच ताल वाजवणारा ढोलवाला. त्याच्या आसपास कुणाची साथ टिकत न्हाई. जिथं लोखंड जास्त, तिथं साथीचा वेळ कमी. हृदयाच्या भिंतीत हा वेळ वीस मिलिसेकंदांच्या वर हवा. (एका सेकंदाचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे मिलिसेकंद.) वीसच्या खाली गेला की समजायचं, लोखंड शिरलंय. दहाच्या खाली गेला की मात्र धावाधाव."

शलाकानं बोट पुन्हा काकवीत घातलं, पण चाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती आई आणि आबांबरोबर दवाखान्यात पोहोचली. यंत्र पाहण्याची जबाबदारी डॉ. नसीम मुजावर यांच्याकडे होती. या बाई बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी शलाकाला कानातलं काढायला लावलं, केसांतली पिन काढायला लावली, आणि मग एका चौकटीतून चालत यायला सांगितलं. अंगावर लोखंडाचा तुकडा असेल तर ही चौकट ओरडायची. ती ओरडली नाही.

यंत्र एखाद्या पलंगाएवढं होतं आणि दोन्ही बाजूंनी मोकळं होतं. त्यातून आवाज यायचा तो आबांचा. सूचना कुणाच्या आवाजात द्यायच्या असं विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतःचाच आवाज भरून दिला होता. त्यामुळे तालुक्यातली माणसं त्या पलंगावर निजली की "श्वास धर... धर... सोडू नको गड्या... हां, सोड आता" असं ऐकून निम्म्यांना हसू फुटायचं आणि चित्र पुन्हा घ्यावं लागायचं.

शलाकाला आज हसू आलं नाही. तिनं श्वास धरला. तेवढ्या वेळात यंत्रानं तिच्या हृदयाची आठ चित्रं घेतली, प्रत्येक ठोक्यात नेमक्या त्याच क्षणी, म्हणजे धडधडणारं हृदय स्थिर दिसावं. पहिलं चित्र हाकेनंतर लगेचचं, दुसरं किंचित उशिराचं, तिसरं आणखी उशिराचं. प्रत्येक चित्रात उजेड थोडा थोडा कमी होत जातो. कुठल्या ठिपक्याचा उजेड किती वेगानं ओसरला, यावरून यंत्र त्या ठिपक्याचा साथीचा वेळ काढतं. आणि असे हजारो ठिपके रंगवून नकाशा तयार करतं. वेळ लांब तिथं निळा, आखूड तिथं तांबडा, अगदीच आखूड तिथं काळा. सुई नाही, चिरा नाही, रक्ताचा थेंब नाही. मला तर वाटतं, माणसानं शोधलेल्या सगळ्या सभ्य गोष्टींमध्ये हिचा नंबर फार वरचा लागेल. दार न वाजवता आत डोकावणारे पुष्कळ असतात. ही बाहेर उभी राहून नुसती हाक मारते आणि आतलं पाणी आपण होऊन सगळं सांगतं.

भिंतीवर नकाशा उमटला. आई पुढे सरकली. आबा चष्मा पुसत होते, ते थांबले.

हृदयाच्या पुढच्या टोकाशी मोठा काळाभोर डाग होता.

"किती?" आईनं विचारलं.

डॉ. मुजावर नकाशाजवळ वाकल्या. "त्या जागी चार दाखवतंय," त्या म्हणाल्या. "मला जरा..."

"चार?" आईचा आवाज फुटला. "ओ डॉक्टर, रक्ताचा रिपोर्ट तर बरा होता की! मागच्याच महिन्यात बघितला मी!"

"रक्ताच्या तपासणीवरून अंगात एकंदर साठा किती त्याचा अंदाज येतो," आबा हळूच म्हणाले. "तो कुठल्या खोलीत ठेवलाय, ते त्यावरून कळत न्हाई."

शलाका पलंगावर उठून बसली होती. आता तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिनं चार महिने दाताखाली दाबून ठेवलं होतं.

"आई, मी गोळी घेत नव्हते."

आईनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"तू पेला द्यायचीस, मी मोरीत ओतायचे. रोज न्हाई. पण बऱ्याचदा. ती घेतली की मळमळतंय गं. सकाळच्या सरावाला पाय उचलत न्हाईत. विश्वंभर म्हणाला, हिला मागच्या रांगेत घाला."

"मला सांगितलं का न्हाईस?" आई म्हणाली.

"तू रडली असतीस."

"मग आता काय हसतेय व्हय मी?" आई म्हणाली आणि खरोखरच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं शलाकाचा हात धरला आणि इतका घट्ट दाबला की शलाकाला दुखलं. पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं शलाकाला वाटलं. ते फक्त खुर्चीत बसले, आणि एकाएकी खूप म्हातारे दिसायला लागले. आईच्या तोंडाकडे बघवेना, आबांकडे बघवेना, म्हणून शलाका नकाशाकडे बघत राहिली. चार महिन्यांचं पाप भिंतीवर काळंकुट्ट होऊन बसलं होतं.

ती बघत राहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आबा," ती म्हणाली. "हृदयाची भिंत म्हणजे ही गोल कड ना?"

"व्हय."

"आणि ह्या बाजूला फासळ्या. आणि ही सगळ्यात बाहेरची रेघ म्हणजे माझी कातडी?"

"व्हय गं बाळ."

"मग काळा डाग कातडीवर का आहे? लोखंड माझ्या हृदयात शिरलंय, तर तिथल्या पोरांची साथ सुटू दे की. कातडीतल्या पोरांची कशानं सुटली? आणि बघा, डाग बाहेर मोठा आहे आणि आत जाईल तसा बारीक झालाय. ढोलवाला आत न्हाई ओ आबा. तो मैदानाबाहेर उभा राहून वाजवतोय!"

आबा ताडकन उठले. सत्तरीतला माणूस असा उठू शकतो, हे त्या दवाखान्यानं पहिल्यांदाच पाहिलं. डॉ. मुजावरनी चित्र मोठं केलं, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि वळून विचारलं, "मला तीच शंका येत होती. शलाका, छातीला काय लावलंयस तू?"

"मी? काही न्हाई."

आईचा हात आपोआप तोंडावर गेला.

"मी लावलंय," ती पुटपुटली. "सकाळी. झोपेत होती तेव्हा. तीट."

आता तीट कुठे लावतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. गालाला लावतात, कपाळाच्या कोपऱ्याला लावतात, तान्ह्या बाळाच्या तळपायाला लावतात. पण शलाकाच्या आईनं विचार केला, की आज सगळी दुनिया पोरीचं हृदय बघणार, तर दृष्ट हृदयालाच लागणार. म्हणून तिनं डाव्या छातीवर, बरोबर ठोका लागतो तिथं, काळ्या रंगाचा चांगला रुपयाएवढा ठिपका दिला होता. चुंबकशास्त्रज्ञाची मुलगी होती ती, पण त्याआधी आई होती.

"घरची काजळी की बाजारातली कांडी?" आबांनी विचारलं.

"बाजारातली."

डॉ. मुजावरनी कांडीचं नाव विचारलं आणि ती कशाकशापासून बनते ते पडद्यावर काढलं. काळा रंग आला होता काळ्या लोखंडी भुकटीतून. तव्यावर धरलेली साधी काजळी असती तर यंत्राला तिचा पत्ताही लागला नसता. ही भुकटी मात्र मोठ्या चुंबकाजवळ स्वतःच छोटं चुंबक होते आणि आजूबाजूच्या पाण्याचा ताल बिघडवते. शलाका सडपातळ, हृदयाचं टोक फासळ्यांच्या लगेच मागे. त्यामुळे त्या ठिपक्याची सावली थेट तिथपर्यंत पोहोचली होती.

"आणि चौकट का ओरडली न्हाई?" आईनं विचारलं.

"ती तुकड्याला ओरडते, चिमूटभर भुकटीला न्हाई," आबा म्हणाले. "चूक माझी. दारावर पाटी लावायला पाहिजे की तीट, काजळ पुसून या. आजपासून लावतो."

खोबरेल तेल आणि कापूस आला. आईनंच तीट पुसली, कातडी लाल होईपर्यंत पुसली. शलाका पुन्हा निजली. "श्वास धर... धर... सोडू नको गड्या..." यंत्रातले आबा म्हणाले. बाहेरच्या आबांनीही श्वास धरला होता.

दुसरा नकाशा आला. काळा डाग नव्हता. आईनं हात जोडले.

पण सगळा निळाही नव्हता. हृदयाच्या भिंतीवर फिकट तांबूस झाक होती.

"सोळा," डॉ. मुजावर म्हणाल्या.

चारच्या भीतीनंतर सोळा हा आकडा वरदानासारखा वाटायला हवा होता, आणि वाटलाही. पण तो वीस नव्हता.

डॉक्टर पलंगाच्या कडेला बसल्या आणि शलाकाशी बोलल्या, आईशी नाही. "हे बघ बेटा. हृदयात थोडं लोखंड शिरलंय. हे खरं आहे, आणि ते या चार महिन्यांत वाढलंय, हेही खरंच असणार. पण हा दुसरा नकाशा बघ, परतीच्या वेळाचा. हृदयाच्या मांसात जखमेसारखे राठ धागे झाले असते तर हा वेळ लांबला असता. तो लांबलेला नाही. ठोकेही उत्तम आहेत. म्हणजे मांस चांगलं आहे, फक्त त्यात नको तो पाहुणा येऊन बसलाय. गोळीनं तो जातो. मात्र सावकाश जातो. यकृतातून लवकर निघतो, हृदयातून निघायला वर्ष, दोन वर्षं लागतात."

"आणि यादी?" शलाकानं विचारलं.

"या उन्हाळ्यात नाही."

शलाकानं मान हलवली. रडू येणारच होतं, पण तिला एक गोष्ट फार आश्चर्याची वाटत होती. या आकड्यानं तिची चोरी पकडली होती, आणि तरीही त्याचा राग येत नव्हता. तो तिला ओरडला नव्हता, घाबरवतही नव्हता आणि तिची खोटी समजूतही काढत नव्हता. होतं तेवढं सांगून तो गप्प बसला होता.

"लेझीम?" तिनं शेवटचं विचारलं.

"दमशील तेव्हा थांबायचं. एवढंच. आणि मळमळतं हे आधी मला सांगायचं होतंस. दुसरी गोळी आहे, जेवणानंतर घ्यायची. ती सोसते पोटाला."

घरी जाताना आबा तिच्याबरोबर चालले. आई पुढे होती.

"आबा, तुमचं यंत्र लई भारी आहे," शलाका म्हणाली.

"माझं एकट्याचं कुठलं? शंभर वर्षं जगातली माणसं यासाठी खपल्यात. कुणी केंद्रकाची लय शोधली, कुणी ती ऐकायचं वेटोळं वळलं, कुणी त्या आवाजाचं चित्र केलं. मी फक्त ते आपल्या तालुक्याला परवडेल एवढं लहान केलं." त्यांनी शलाकाकडे पाहिलं. "पण आज तुझ्याइतकं नीट कुणीच बघितलं न्हाई, पोरी. मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाला नकाशा वाचता येत न्हाई."

त्यानंतरचं वर्ष लवकर सांगता येण्यासारखं आहे, कारण त्यात रोज तेच तेच झालं. रोज रात्री जेवणानंतर शलाका ओट्याजवळ उभी राहायची, आईच्या समोर गोळी घ्यायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायची. महिनाभरानं आई म्हणाली, जीभ दाखवू नकोस, पुरे. दिवाळीनंतरच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत शलाका दोन डाव खेळली आणि तिसऱ्याला आपण होऊन बाजूला बसली. विश्वंभरनं तिला पाणी आणून दिलं, पण ते का, हे मी काही विचारलं नाही.

वर्षानं तीच खोली, तीच चौघं. दारावर आबांच्या अक्षरातली पाटी होती आणि आईनं या वेळी तीट लावली नव्हती. शलाकानं श्वास धरला, सोडला, उठून बसली. या वेळी नकाशा वाचायला तिनं कुणाची वाट पाहिली नाही. तांबूस झाक विरळ होऊन कडेला सरली होती.

"एकोणीस," डॉ. मुजावर म्हणाल्या.

आईचा चेहरा पडला. किती आशेनं आली होती ती! यादीत नाव वर सरकायला वीस लागत होते. "एकच कमी," ती म्हणाली. "एकानं राहिलं बघ. वर्षभर एवढं केलंस आणि एकानं राहिलं. परत एक वर्ष."

शलाकानं पायात चपला सरकवल्या आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात ती आईच्या खांद्याला आली होती.

"आई, सोळाचे एकोणीस मीच केलेत की गं," ती म्हणाली. "विसावा आपण होऊन येणार आहे का? तोही मीच आणणार."